टेकडीखालचा समुद्र

लोकांची सुगी शेतात यायची, आमची थंडीत यायची. बाकीचं वर्ष कसंतरी ढकलायचं. उन्हाळ्यात भाकरीबरोबर द्यायला काही नसलं की आई एक कांदा बुक्कीनं फोडून मधोमध ठेवायची आणि म्हणायची, "बघत काय बसलाय त्याच्याकडं? खावा." पत्र्याची एकच खोली, बिबवेवाडीच्या चढावर. तेव्हा तिथं कुणी फुकट दिली तरी जागा घेतली नसती. पावसाळ्यात भिंतींना लावलेली पोती भिजायची ती दसऱ्यापर्यंत वाळायची नाहीत आणि तोच कुबट वास माझ्या शाळेच्या फ्रॉकला यायचा. वर्गातल्या मुली चांगल्या घरच्या होत्या, नाकाला रुमाल लावत नसत. बाकावर थोडं सरकून बसत, एवढंच. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं, शिकवून निवृत्त झाले, किती मुलं हाताखालून गेली. तरी शेजारचं माणूस जरा सरकून बसलं की मला अजून कळतं.

दिवाळीच्या आसपास हवेत पहिला गारवा आला की आईचा चेहरा बदलायचा. पहाटे दार उघडून ती तोंडातून वाफ सोडून बघायची. वाफ दिसली की म्हणायची, "आली बाई एकदाची." पाहुणी आल्यासारखं.

आमचा धंदा गरम पाण्याचा होता. स्वारगेटच्या एस.टी. स्टँडमागे एका हॉटेलच्या भिंतीला टेकून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्रे उभे करून मोऱ्या केल्या होत्या आणि त्यांच्यापुढे ओळीनं बंब मांडले होते. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: तांब्याचं उभं पिंप, त्याच्या पोटातून आरपार गेलेली नळी, नळीत जाळ आणि भोवती पाणी. वरून जळण टाकायचं, खालून राख ओढायची, तोटी फिरवली की कढत पाणी. पहाटेच्या गाड्यांनी उतरलेली माणसं आमच्याकडे अंघोळ करून मग शहरात शिरायची. कुणाची कोर्टात तारीख असायची, कुणी मुलगी बघायला आलेला, कुणाचं माणूस दवाखान्यात. ड्रायव्हर-कंडक्टर तर रोजचेच. चहा मागावा तसं पाणी मागायचे. "अण्णा, एक कडक काढा."

बंबासाठी वखारीत खास जळण मिळायचं. लाकडाच्या वीतभर ढलप्या, त्याला बंबफोड म्हणत. सदाशिव पेठेतले लोक ते वापरत. आम्हाला ते परवडत नसे. अण्णा हातगाडी घेऊन टिंबर मार्केटमधून भुसा आणत, चपला करणाऱ्यांकडून कातड्याची कात्रणं, गॅरेजमधून तेलकट चिंध्या, सायकलवाल्यांकडून टायरचे तुकडे. टायर झटकन पेट घेतो. पाणी लवकर येतं, गिऱ्हाईक खोळंबत नाही. सागाच्या भुशाचा वास गोडसर, कातड्याचा डोक्यात जाणारा, टायरचा जिभेवर बसणारा. या सगळ्यांचा मिळून एक वास होता, तो आईच्या पदराला होता. मला आईचा दुसरा कुठला वास आठवतच नाही.

आणि नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळचा तो थाट! चिंच आणि राख लावून बंब घासायचे, इतके की त्यात आमची तोंडं रुंद होऊन दिसायची. मग त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, पोटावर चुन्याची बोटं. आई प्रत्येक बंबाला हळदीकुंकू लावून म्हणायची, "आमचं बघा बाबांनो." देवापुढे सुद्धा ती इतकी वाकत नसे.

थंडीत पहाटे आमच्या चढावरून पुणं दिसायचं नाही. रात्रभर गावातल्या चुली, बंब, भट्ट्या, शेकोट्या यांचा धूर वर जायचा सोडून खाली बसायचा आणि पहाटेपर्यंत करडा, सपाट, काठोकाठ भरून राहायचा. त्यातून पर्वतीचं देऊळ तेवढं वर आलेलं. माझी धाकटी बहीण शालन, आमची शालू, तेव्हा नुकती पहिलीत जाऊ लागली होती. एका पहाटे आईबरोबर आम्ही दोघी खाली निघालो होतो, तर ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आक्का, समुद्र आलाय बघ."

आम्ही दोघींनीही समुद्र पाहिला नव्हता. माझ्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, मधे बेट आणि बेटावर देऊळ. शालूनं ते पाहून ठेवलेलं. खरंच, पर्वती बेटासारखीच दिसत होती.

त्या दिवसापासून आमचा खेळ ठरला. उताराच्या तळाशी एक चिंचेचं झाड होतं, ते किनाऱ्याचं झाड. तिथवर हवा गार, कोरी, नाकात बर्फ गेल्यासारखी. झाड ओलांडलं की घसा आंबट व्हायचा, डोळे चुरचुरायचे. शालू झाडाशी आली की एका हातानं आईचा पदर धरायची, दुसऱ्या हातानं नाक, आणि ओरडायची, "बुडी!" मग जमेल तितका वेळ श्वास रोखून चालायची. गाल फुगलेले, डोळे मोठे. शेवटी फुस्सकन श्वास सुटायचा आणि ती खदखदून हसायची, हसता हसता खोकायची. आई म्हणायची, "अगं भवाने, दम राख. जाळ फुंकायला लागंल तिथं."

आम्हाला वाटायचं, थंडीत पुण्याला समुद्र येतो.

यंदा कार्तिकात मी शालूला कात्रजहून माझ्याकडे आणलं. गेले काही हिवाळे तिचा दमा वाढतच चाललाय. तिचं घर हमरस्त्याला लागून. घाट चढणाऱ्या ट्रकांचा धूर, समोर बांधकामाची धूळ, मागच्या मोकळ्या जागेत रोज कुणीतरी पेटवलेला कचरा. भाच्याचा फोन आला, "मावशी, आईला थंडीपुरतं तुझ्याकडे नेतेस का?" मी म्हटलं, "नेते म्हणजे काय, विचारायचं असतं का! आमच्याकडे हवा चांगली आहे." हे मी मोठ्या दिमाखात म्हटलं. दिमाख मला आहेच, लपवत नाही. ज्या चढावर पत्र्याच्या खोलीत वाढले त्याच चढावर स्वतःच्या कमाईनं फ्लॅट घेतला, वरच्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी. यजमान गेल्यापासून एकटीच असते, पण ऐटीत असते.

शालू दारातून आत आली आणि हॉलच्या कोपऱ्यात बघून थबकली. आमचा शेवटचा राहिलेला बंब मी तिथे ठेवला आहे. तांबट आळीतून चकाकी करून आणलेला, वरच्या तोंडात मनी प्लँट सोडलेला. येणारी-जाणारी माणसं कौतुक करतात, म्हणतात, किती अँटिक दिसतं.

शालूनं त्याच्यावर टिचकी मारली. "माझ्या सवतीला काय सजवलंय गं," म्हणाली. मग सोफ्यावर बसून दम खात, हसत हसत म्हणाली, "तुझा बरा हाय आक्का, हॉलमधी शोभंला ठेवलाय. माझा अजून छातीत पेटलेला हाय."

ती चेष्टेनंच म्हणाली. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याशी बराच वेळ उभी राहिले.

कारण सुरुवातीला बंबाशी मी बसत होते. मी थोरली. फुंकणी माझ्या हातात, शालू नुसती तोट्या सोडायला. मग मी वरच्या वर्गात गेले, नंबर वर येऊ लागले, आणि एकदा शाळेतल्या बाई आमच्या मोरीपर्यंत चालत आल्या. धुरात डोळे पुसत त्यांनी आईला सांगितलं, "या मुलीला सकाळी अभ्यासाला बसवा. ही पुढे जाईल." आई बाईंना पाट द्यायला धडपडली, पाट कुठला असणार तिथे, मग तिनं बादली पालथी घालून पदरानं पुसली. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्यापासनं तू घरीच बस गं आक्के. पुस्तक धर. शालू येईल माझ्यासंगं."

शालूला केवढा आनंद झाला! "म्हणजे फुंकणी माझी?" तिनं विचारलं. उशाला घेऊन झोपली ती फुंकणी.

असं झालं. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. घरात एकाच पोरीला पहाटेची हवा पुरेल एवढीच ऐपत होती, आणि ती हवा मला मिळाली.

मी दारात पोत्यावर बसायची. ऊन आमच्या चढावर शहराच्या आधी यायचं. पुस्तकाच्या पानावर ते कोवळं, तिरकं पडायचं, अक्षरांना सावली असल्यासारखी वाटायची. शेजारी रानतुळशीचं झुडूप, त्याचा वास, लांब कुठे मोट थांबल्यावरचा पाण्याचा आवाज. आणि खाली समुद्र. मला ठाऊक असायचं की त्याच्या तळाशी शालू बसली आहे, फुंकणीला तोंड लावून, गाल फुगवून. मी मान खाली घालायची आणि पाठ करायची. सगळे धडे माझे त्याच हवेत पाठ झाले. आजही एखादं सूत्र आठवताना मला आधी रानतुळशीचा वास येतो.

शालू सातवीनंतर शाळेत गेली नाही. तोवर तिला धाप लागायला लागली होती. आम्हाला वाटायचं, थंडी बाधते. थंडीवर उपाय ऊब, म्हणून आई तिला बंबाच्या आणखी जवळ बसवायची. पाठ बंबाला टेकवून, अंगावर घोंगडी. संध्याकाळी घरी आल्यावर धुरी. बाळंतिणीला देतात तशी. खापरात निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. शालूला खापरावर ओणवी बसवायची आणि वरून गोधडी टाकायची. खापर धरायचं काम माझं. गोधडीच्या आत आम्ही दोघी, अंधार, निखाऱ्यांचा लाल उजेड आणि ओव्याचा तो तिखट, जिवाला बरा वाटणारा वास. शालू खोकायची. बाहेरून आई म्हणायची, "वढ आत. वढ माझ्या बाई. सुटंल आता छाती." शालू आज्ञाधारकपणे ओढायची. आम्ही सगळ्यांनी मिळून, किती मायेनं, किती नेमानं, तिला धूर पाजला.

ओव्याचा वास मला अजून आवडतो. सकाळी कुठे पाला जळत असला की माझं नाक आधी तिकडे वळतं, छाती भरून येते, आणि मग मला माझीच लाज वाटते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी एकदा बर्नरची हवा बंद करून दाखवली. निळी ज्योत पिवळी झाली, वर धरलेल्या बशीला काजळी धरली. अपुरं ज्वलन, सर म्हणाले, यात विषारी वायू असतो. बाकीच्या मुलींनी लिहून घेतलं. मी ती काळी बशी बघत राहिले. संध्याकाळी घरी येऊन आईला सगळं समजावलं, फुप्फुसाचं चित्र काढून. आई निवडत होती ते तांदूळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "बरं. मग काय करू? उन्हात तापवू पाणी?"

मी चित्राची वही मिटली. मग तिनंच, मला वाईट वाटू नये म्हणून, "तेवढं टायर जाळायचं बंद करू, हां," असं म्हटलं. ते आठवडाभर टिकलं.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या सकाळी अण्णांनी सगळे बंब धडाडून पेटवले आणि स्टँडवर जाऊन ओरडून आले, "आज पाणी फुकट! पोरगी बी.एस्सी. झाली!" ऐन जूनमधे, अंगाला घाम येत असताना, माणसं रांग लावून गरम पाण्यानं अंघोळ करत होती. ड्रायव्हर लोकांनी मला पेढा भरवला. एक जाडा मिशीवाला कंडक्टर शालूकडे बघून म्हणाला, "आणि अण्णा, ही धाकली कधी पास व्हायची?"

अण्णा तोटी फिरवत होते. वर न बघता म्हणाले, "हिनंच पास केलीया तिला."

शालू काळ्या तोंडानं हसत होती, दात तेवढे पांढरे. तिनं माझ्या नव्या पांढऱ्या साडीला हात लावायला पुढे केला आणि हाताची काजळी बघून मागे घेतला. मी तिचा हात धरला नाही असं नाही. धरला मी. पण साडी आवरून धरला.

पुढे घरोघर गॅस आला, लॉजमधे पाण्याचे हीटर आले. स्टँडचं रूप पालटलं, आमच्या मोऱ्या गेल्या. बंब मोडीत गेले, एक राहिला. अण्णा गेले, आई गेली. शालू कात्रजला सासरी नांदली, मुलं शिकवली, सून आणली. मधे एकदा आम्ही बहिणी कोकणात गेलो आणि खरा समुद्र बघितला. शालू वाळूत उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "ह्यो हलतो की गं." आणि चिंचेच्या झाडाशी घ्यायची तसा खोल श्वास घेतला. सोडायला विसरलीच.

आता आमच्या सोसायटीचं सांगते. थंडीत फाटकाशी शेकोटी असते. आवारात बदाम, गुलमोहर, सोनमोहर. रोज सकाळी झाडलोट झाली की पाल्याचा ढीग होतो आणि लेले तो स्वतःच्या हातानं पेटवतात. लेले तळमजल्यावर राहतात, निवृत्त अधिकारी, कानटोपी आणि जोडीला जीभ. फिरून आलेली आम्ही चार माणसं भोवती उभी राहतो, हात शेकतो, सगळ्या जगाला नावं ठेवतो. मीही त्यातलीच. कित्येक हिवाळे. खरं सांगायचं तर फिरायला जाणं हे निमित्त, मी त्या वासासाठीच उतरते.

शालू येऊन थोडे दिवस झाले होते. मी तिच्या खोलीची खिडकी बंद ठेवत होते, कारण उघडली असती तर धूर कुठून येतो हे मला स्वतःला विचारावं लागलं असतं. ती म्हणायची, "जरा उघड की. कोंडल्यागत होतंय." मी म्हणायची, "बाहेर हवा वाईट आहे, मोबाईलवर लाल दाखवतंय." ती म्हणायची, "मोबाईलला काय इचारतीस? मला इचार."

त्या सकाळी मी शेकोटीवरून वर आले. ती अजून झोपलेली होती, पांघरूण घसरलेलं. मी वाकून ते सारखं करायला गेले. माझ्या शालीचं टोक तिच्या तोंडाशी आलं.

शालू डोळे मिटूनच हसली. लहान मुलीसारखी. "आई आली?" म्हणाली.

आणि मग तिला उबळ आली. अशी की उठून बसवेना, पंप तोंडाला लावून आत ओढवेना. ओठ काळसर पडले. वाफेचं मशीन लावलं, त्याची घरघर सुरू झाली. मी तिची पाठ चोळत होते आणि माझ्याच शालीला वास येत होता म्हणून एका हातानं ती काढून लांब फेकत होते. बऱ्याच वेळानं तिचा श्वास रुळावर आला. मला रडताना बघून मास्कच्या आतून म्हणाली, "तुला काय झालं? खोकला मला आलाय."

"तू बसलीस तिथं शालू," मी म्हटलं. "मी वर बसले."

"मग? दोघी बसलो असतो तर?" ती म्हणाली. "दोघी खोकलो असतो. मला तसंबी शाळेत काय येत हुतं? तेराच्या पाढ्याला अडकायची मी."

हे खरं नाही. करड्या धुरात समुद्र शोधून काढणारी मुलगी होती ती. मी तर नुसते धडे पाठ केले.

दुसऱ्या दिवशी मी शाल न घेता खाली उतरले. लेले काडी ओढायच्या बेतात होते.

"लेले, पेटवू नका," मी म्हटलं.

"का? मुहूर्त नाहीये का?"

"माझ्या बहिणीला दमा आहे. धूर वर येतो."

"अहो बाई, एवढ्याशा पाल्यानं पुणं खोकत नसतं. खाली स्वारगेटला जाऊन उभ्या राहा, मग कळेल धूर कशाला म्हणतात."

"तिथंच वाढलेय मी," मी म्हटलं. "स्टँडमागे आमचे बंब होते. त्या धुरावर मी शिकले, लेले. आणि माझ्या वाटणीचा तिनं छातीत घेतला. आता ती वर झोपलीये. तिला खिडकी उघडी हवी आहे, दुसरं काही मागत नाही."

शेकायला जमलेली माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली. आमच्या सोसायटीत मी कधी सांगितलं नव्हतं मी कोण. लेल्यांनी काडीपेटी मिटली, उघडली, परत मिटली.

"मग हा पाला काय मी घरात आणून ठेवू? सत्यनारायणाला बसवू?"

"माझ्या पार्किंगमध्ये टाका. मागच्या बाजूला आहे, मातीचीच जागा आहे. माझ्याकडे गाडी नाही. जाळी लावून घेऊ, कुजू दे. खत होईल."

लेले माझ्याकडे बघतच राहिले. "पार्किंग सोडताय? पुण्यात माणसं देह सोडतात बाई, पार्किंग सोडत नाहीत."

"मी सोडतेय."

"आणि आम्ही शेकायचं कुठं? तुमच्या बोलण्यावर?"

"गच्चीवर या. ऊन आमच्या चढावर सगळ्यांच्या आधी येतं. चहा माझा."

पहिल्या दिवशी गच्चीवर मी एकटीच होते, थर्मास घेऊन. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या, पाय दुखतात म्हणून पाय उन्हात सोडून बसल्या. लेले आठवडाभर आले नाहीत. फाटकाशी रिकाम्या जागी कानटोपी घालून हात चोळत उभे राहत, जणू तिथं अजून जाळ आहे. मग एका सकाळी जिना चढून आले, वर येऊन धापा टाकत म्हणाले, "चहात साखर घालता की तीही खताला देता?" पाठीमागे त्यांच्या हातात पाल्याची पाटी होती. वाटेत पडलेला दिसला म्हणाले, आणावा म्हटलं तुमच्या खताच्या म्युझियमला.

शालूही हळूहळू वर यायला लागली. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं माझा खांदा. लेल्यांशी तिचं चांगलं जमलं. ते काही खवचट बोलले की ती म्हणायची, "काका, तुमच्या तोंडाला तोटी बशिवली पायजे." लेले मनापासून हसायचे. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, हसताना पाहिलं नव्हतं.

रथसप्तमीला तिनं हट्ट धरला की सूर्याला दूध उतू घालायचं, आई घालायची तसं. आई गोवरीवर घालायची. मी वायर ओढून गच्चीवर विजेची शेगडी आणली, त्यावर बोळकं ठेवलं. लेले म्हणाले, "सूर्यनारायणाला चालेल ना हे? की त्याची वेगळी वायर ओढायची?" दूध वर आलं, काठावर थरथरलं आणि पूर्वेकडूनच उतू गेलं. करपल्या दुधाचा वास सुटला. शालूनं हात जोडले. मी तिच्याकडेच बघत होते, तो वास तिला बाधतो का ते. नाही बाधला.

मग ती कठड्याशी गेली आणि खाली बघायला लागली. मीही गेले. खाली समुद्र होता. पूर्वीपेक्षा मोठा, पिवळट, कात्रजच्या डोंगरापर्यंत पसरलेला, त्यातून आता पर्वतीबरोबर किती इमारती वर आलेल्या. आता त्याच्या तळाशी कुणाकुणाच्या शालू बसल्या असतील, कोण कोण कुणाच्या वाटणीचा श्वास घेत असेल, मला ठाऊक नाही. तो आटवणं माझ्या हातात नाही. शालूनं माझा पदर धरला, दुसऱ्या हातानं नाक धरलं, गाल फुगवले, आणि हसायला लागली. हसली, पण खोकली नाही.

यंदाच्या थंडीत आमच्या फाटकाशी त्यानंतर पाल्याची एकही काडी जळली नाही. शालू शिमग्यापर्यंत माझ्याकडे राहिली, आणि पूर्वेची खिडकी उघडी ठेवून झोपली.